विसरण्याची शिस्त : जीडीबीच्या फ्रेम-कॅशचे परीक्षण

जीडीबी हा डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम थांबवून त्यातल्या चुका शोधण्याचे साधन, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली ग्नू प्रकल्पासाठी लिहिला आणि लिनक्सवर सी किंवा सी++ मध्ये काम करणाऱ्याची आजही त्याच्यावाचून सुटका नाही. त्याच्याविषयी लिहिताना बहुधा आज्ञांची यादी दिली जाते, नाहीतर त्याच्या रूक्ष पडद्याबद्दल तक्रार केली जाते. मला येथे त्याच्या एकाच अंगाचे परीक्षण करायचे आहे. थांबलेल्या प्रोग्रॅमच्या स्टॅकविषयी, म्हणजे कॉल झालेल्या फंक्शनांची माहिती मेमरीत जिथे एकावर एक रचली जाते त्या भागाविषयी, या डीबगरला जे कळते ते तो कुठे साठवतो, किती वेळ साठवतो आणि कोणत्या क्षणी टाकून देतो, एवढाच या लेखाचा विषय आहे. पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवलेल्या अशा साठ्याला कॅश म्हणतात. हे अंग निवडण्याचे कारण व्यवहारातले आहे. ‘बीटी’ ही बॅकट्रेसची, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला कॉल केला ती साखळी छापण्याची, आज्ञा आपण दिवसातून कितीदा देतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. पण तिचे उत्तर उशिरा आले तर तपासाची लय मोडते, आणि उत्तर शिळे असले तर पुढचा सगळा तपासच भलत्या दिशेने जातो. मी पुण्यात एम्बेडेड क्षेत्रात, म्हणजे उपकरणांत बसवलेल्या छोट्या संगणकांवर, काम करतो. माझा जीडीबी अर्धा वेळ लिनक्सवरच्या कोअर फाइली, म्हणजे कोसळलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीच्या प्रती, उघडतो आणि अर्धा वेळ कॉर्टेक्स-एम या छोट्या एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांशी दुरून बोलतो. या दोन कामांत त्याच्या साठवणुकीचे गुणदोष अगदी वेगवेगळे दिसतात.

आधी त्याला नेमके काय साठवावे लागते ते पाहू. एका फंक्शनने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला कॉल केला की प्रत्येकाची फ्रेम, म्हणजे त्या कॉलची माहिती असलेला तुकडा, स्टॅकवर रचली जाते. घरातल्या जुन्या उतरंडीत खालच्या मडक्यातले धान्य काढायचे तर वरची मडकी एकेक करून उतरवावी लागत. डीबगरची स्थितीही तशीच असते. प्रोसेसरची खरी रजिस्टरे, म्हणजे त्याच्या पोटातल्या मूल्ये ठेवायच्या जागा, फक्त सर्वांत वरच्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या फ्रेमची असतात. पाचव्या फ्रेममध्ये एखादे रजिस्टर काय होते हे जाणून घ्यायचे, तर चौथ्या फ्रेमने ते स्टॅकवर कुठे जपून ठेवले होते का, हे आधी विचारावे लागते. तिने ठेवले नसेल तर तिसरीला, मग दुसरीला, असे करत प्रश्न वर चढत जातो आणि शेवटी खऱ्या रजिस्टरांपाशी पोचतो. जीडीबीने या शेवटच्या टोकालाही एक फ्रेम मानले आहे आणि तिला उणे एक हा क्रमांक दिला आहे. ही पहारेकरी फ्रेम ‘बीटी’मध्ये कधी दिसत नाही. ती असल्यामुळे शून्य क्रमांकाच्या फ्रेमसाठी वेगळे नियम लिहावे लागत नाहीत. तीही इतरांसारखी आपल्या वरच्या फ्रेमला विचारते.

कुठले रजिस्टर कुठे जपले आहे हे सांगणारी माहिती कंपायलरने ड्वार्फ या स्वरूपात प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये लिहिलेली असते. ती नसेल तर जीडीबी फंक्शनच्या सुरुवातीच्या सूचना वाचून अंदाज बांधतो. एका फ्रेमसाठी हे काम एकदा झाले की त्याचा निकाल त्या फ्रेमला जोडून ठेवला जातो. येथे एक बारकावा आहे. जीडीबी या पातळीवर प्रामुख्याने रजिस्टर कुठे ठेवले आहे याचा नियम किंवा पत्ता साठवतो, तिथले मूल्य नव्हे. मूल्य लागेल तेव्हा त्या पत्त्यावरून वाचले जाते, आणि ते वाचन पुन्हा पुन्हा बोर्डापर्यंत जाऊ नये यासाठी खाली स्टॅकच्या मेमरीची एक स्वतंत्र कॅश आहे. म्हणजे ही दुमजली व्यवस्था आहे: वरच्या मजल्यावर फ्रेमची रचना आणि खालच्या मजल्यावर कच्चे बाइट. बहुतेक वापरणाऱ्यांना हे दोन मजले वेगळे आहेत याचाच पत्ता नसतो, आणि ‘कॅश पुसली तरी जुनेच दिसते’ या तक्रारीमागे अनेकदा भलताच मजला पुसलेला असतो.

वरच्या मजल्याचा पहिला गुण म्हणजे त्याचा आळस. प्रोग्रॅम थांबला की जीडीबी संपूर्ण स्टॅक उलगडत बसत नाही. त्याला शून्यावी फ्रेम लागते, कारण आपण कुठे थांबलो ते छापायचे असते. त्याखालची फ्रेम कोणी मागितली तरच तयार होते. एकदा तयार झालेली फ्रेम साखळीत जोडली जाते आणि पुन्हा मागितल्यास तीच मिळते. इतकेच नव्हे, तर ‘यापुढे फ्रेम नाही’ हा निष्कर्षसुद्धा कारणासह नोंदवून ठेवला जातो, म्हणजे मेमरी वाचता आली नाही म्हणून थांबलो की खरोखरच तळ लागला म्हणून थांबलो, हे दुसऱ्यांदा शोधावे लागत नाही. या आळसाची किंमत कुठे मोजावी लागते हे पाहायचे असेल, तर थांबण्याची अट विसरलेले रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच कॉल करत राहणारे फंक्शन, घ्यावे. लिनक्सवर स्टॅकची मर्यादा बहुधा ८ मेगाबाइट असते. प्रत्येक फ्रेमला ४८ बाइट लागत असतील, तर प्रोग्रॅम कोसळेपर्यंत सुमारे पावणेदोन लाख फ्रेम रचल्या जातात. अशा वेळी ‘बीटी १०’ लगेच उत्तर देते, कारण तिला वरच्या दहाच फ्रेम लागतात. उलट ‘बीटी -३’, म्हणजे तळाच्या तीन फ्रेम मागितल्या, की सगळी उतरंड उतरवावी लागते, आणि तेवढ्या वेळात पडद्याकडे पाहत बसावे लागते. दुसऱ्यांदा तीच आज्ञा दिली तर साखळी तयार असल्यामुळे तो खोळंबा जाणवत नाही. बॅकट्रेसला मर्यादा घालणारी ‘सेट बॅकट्रेस लिमिट’ ही सोय आहे, आणि अशा प्रोग्रॅमांसाठी ती आधीच लावून ठेवणे शहाणपणाचे असते.

या व्यवस्थेतला माझ्या मते सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग म्हणजे फ्रेमची ओळख. कॅश म्हटली की किल्ली आली, आणि फ्रेमसाठी किल्ली कोणती धरावी हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सध्याच्या सूचनेचा पत्ता चालत नाही, कारण एका पावलानंतर तो बदलतो. स्टॅक पॉइंटर, म्हणजे स्टॅकचे टोक दाखवणारे रजिस्टर, चालत नाही, कारण फंक्शनच्या पोटातच तो खालीवर होतो. क्रमांक तर मुळीच चालत नाही, कारण नवा कॉल झाला की शून्याची फ्रेम एक होते. जीडीबी यासाठी दोन पत्त्यांची जोडी वापरतो. पहिला फ्रेमचा प्रमाण पत्ता, ज्याला ड्वार्फमध्ये सीएफए म्हणतात. एक्स-८६-६४ या पीसीतल्या प्रोसेसरांवर कॉलच्या सूचनेआधी स्टॅक पॉइंटरचे जे मूल्य होते ते म्हणजे हा पत्ता, आणि तो फंक्शन संपेपर्यंत बदलत नाही. दुसरा पत्ता फंक्शनच्या सुरुवातीचा. पहिला पुरेसा असताना दुसरा कशाला, असे वाटू शकते. पण एआरएमवर एखादे छोटे फंक्शन स्वतः स्टॅकला हातही न लावता दुसऱ्याला कॉल करू शकते, आणि मग त्याचा आणि त्याने कॉल केलेल्याचा प्रमाण पत्ता एकच निघतो. अशा जुळ्यांना ओळखायला फंक्शनचा पत्ता लागतो. कंपायलरने एक फंक्शन दुसऱ्यात मुरवून टाकले असेल, तर प्रोसेसरच्या लेखी तिथे फ्रेमच नसते. तरीही जीडीबी ती दाखवतो आणि तिच्या ओळखीत कृत्रिम खोलीचा आणखी एक आकडा जोडतो.

ही ओळख किती कामांना पुरते ते पाहिल्यावर तिचे महत्त्व पटते. ‘नेक्स्ट’ ही पुढच्या ओळीवर नेणारी आज्ञा दिल्यावर आपण नव्या फंक्शनमध्ये शिरलो की अजून त्याच फंक्शनमध्ये आहोत, हे ओळखींची तुलना करून ठरते. वृक्षावर फिरणाऱ्या रिकर्शनमध्ये ‘फिनिश’ ही चालू फंक्शन संपेपर्यंत पुढे नेणारी आज्ञा दिली, तर परतीच्या पत्त्यावरचा तात्पुरता ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, आतल्या फेऱ्यांमध्येही लागतो; पण जीडीबी प्रत्येक वेळी ओळख तपासतो आणि आपल्या फेरीच्या परतीलाच थांबतो. एखाद्या लोकल व्हेरिएबलवर वॉचपॉइंट, म्हणजे मूल्य बदलताच थांबवणारी खूण, लावला असेल, तर त्याची फ्रेम नाहीशी झाल्याचे याच ओळखीवरून कळते आणि वॉचपॉइंट आपोआप काढला जातो. तयार झालेल्या फ्रेम ओळखीवरून चटकन सापडाव्यात म्हणून त्यांची एक हॅश सारणीही असते. तीच ओळख दुसऱ्यांदा आली तर साखळीला गाठ पडली आहे हे लगेच कळते, आणि मग ‘आधीची फ्रेम आणि ही फ्रेम एकच आहे, स्टॅक बिघडला असावा’ अशा अर्थाचा तो परिचित संदेश येतो. हा संदेश पाहून वैतागणारे पुष्कळ आहेत. मला मात्र तो कृतज्ञतेने वाचावासा वाटतो, कारण तो नसता तर डीबगर त्याच दोन फ्रेमांभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत राहिला असता.

आता विसरण्याविषयी. प्रोग्रॅम एक पाऊलही पुढे गेला की जीडीबी फ्रेमची पूर्ण साखळी टाकून देतो. कोणती फ्रेम अजून खरी आहे, कोणती नाही, याची छाननी तो करत नाही. फ्रेमसाठीची सगळी मेमरी एकाच साठ्यातून घेतलेली असते आणि तो साठा एका फटक्यात मोकळा केला जातो. पाटीवरचे एकेक अक्षर खोडण्याऐवजी पाटीच धुवावी तसे. मग पुढच्या थांब्यावर फक्त ओळखी उरतात, आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या फ्रेम नव्याने शोधल्या जातात. ऐकायला हे उधळपट्टीचे वाटते. तळाच्या चाळीस फ्रेम तर बदललेल्याही नसतात, मग त्या पुन्हा का बांधायच्या? माझे उत्तर असे की डीबगर हा मुळात बिघडलेल्या प्रोग्रॅमांसाठी असतो. एखादा भरकटलेला पॉइंटर, म्हणजे चुकीच्या जागी रोखलेला मेमरीचा पत्ता, तळाच्या फ्रेममधला परतीचा पत्ताच उडवून गेलेला असू शकतो, आणि नेमकी तीच फ्रेम ‘बदलली नसणार’ असे गृहीत धरून जुनी दाखवली, तर डीबगरने बग लपवला असे होईल.

प्रोग्रॅम चालला नाही तरी पाटी धुतली जाते असे काही प्रसंग आहेत, आणि ते माहीत असलेले बरे. ‘सेट व्हार’ने एखाद्या व्हेरिएबलचे मूल्य बदलले की फ्रेमची कॅश टाकली जाते, कारण बदललेला बाइट स्टॅकच्या रचनेतलाच असू शकतो. त्यानंतर निवडलेली फ्रेम ओळखीवरून पुन्हा शोधली जाते, म्हणून आपल्याला काही घडल्याचे जाणवत नाही. डॉलरचे चिन्ह लावलेल्या जीडीबीच्या स्वतःच्या व्हेरिएबलला मूल्य दिले तर मात्र काही पुसले जात नाही. मी एकदा एक स्क्रिप्ट लिहिली होती, जी खोल स्टॅकमध्ये हिंडत प्रत्येक फ्रेममध्ये प्रोग्रॅममधलाच एक मोजणी-आकडा वाढवत असे. ती इतकी रेंगाळली की मी जीडीबीला दोष देऊन मोकळा झालो होतो. आकडा डॉलरच्या व्हेरिएबलमध्ये हलवल्यावर ती झपाट्याने संपली आणि दोष कुणाचा हे स्पष्ट झाले. नवी चिन्हे, म्हणजे फंक्शनांची आणि व्हेरिएबलांची नावे व पत्ते, लोड केली तरीही कॅश टाकली जाते. त्यामागचा विचार नेमका आहे: आतापर्यंत ज्या फंक्शनला फ्रेम नाही असे वाटत होते, त्याच्याविषयीचे मत नव्या माहितीने बदलू शकते. अंदाजाने बांधलेली चुकीची साखळीही कॅशमध्ये बरोबर साखळीइतक्याच इमानाने बसलेली असते, त्यामुळे हे पुसणे अत्यावश्यक आहे.

या सपाट विसरण्याचा त्रास वापरणाऱ्यांपेक्षा जीडीबी लिहिणाऱ्यांनाच अधिक झाला. फ्रेमचे आर्ग्युमेंट छापताना एखादा पायथनमधला प्रिटी-प्रिंटर, म्हणजे मूल्य वाचनीय रूपात छापणारा कोड, चालतो, तो प्रोग्रॅममधलेच एखादे फंक्शन चालवून पाहतो, त्यासाठी प्रोग्रॅम क्षणभर सुरू होतो, कॅश धुतली जाते, आणि परत आल्यावर छापणाऱ्या कोडच्या हातात मोकळ्या झालेल्या मेमरीचा पॉइंटर उरतो. या जातीचे बग एकेक करून, ओळख आधी जपून ठेवून, हाताने दुरुस्त करावे लागत. २०२३ साली आलेल्या १३व्या आवृत्तीपासून साध्या पॉइंटरऐवजी एक शहाणा पॉइंटर वापरला जातो. तो फ्रेमची ओळख आणि पातळी स्वतःजवळ ठेवतो आणि कॅश पुसली गेली असेल तर आपली फ्रेम पुन्हा शोधून काढतो. जुन्या वितरणातला जीडीबी वापरणाऱ्यांनी आवृत्ती वाढवावी, असे मी निःसंकोच सुचवीन ते याच कारणासाठी.

खालच्या मजल्याकडे वळतो. स्टॅकच्या मेमरीची ही कॅश आपोआप सुरू असते, तिच्या ओळी मुळात ६४ बाइटांच्या असतात आणि अशा ४,०९६ ओळी मावतात, म्हणजे एकूण २५६ किलोबाइट. प्रोग्रॅम त्याच संगणकावर चालत असेल तर तिचा फायदा फारसा जाणवत नाही. बोर्ड दूर असला की चित्र पालटते. समजा बोर्ड कार्यालयात आहे, आपण घरून जोडले गेलो आहोत, आणि एका वाचनाच्या जाण्यायेण्याला ४० मिलिसेकंद लागतात. ३० फ्रेमांच्या बॅकट्रेससाठी प्रत्येक फ्रेममागे दोन छोटी वाचने धरली तर ६० वाचने आणि २.४ सेकंद होतात. फ्रेम ४८ बाइटांच्या असतील तर सगळा मजकूर १,४४० बाइटांत बसतो. ६४ बाइटांच्या ओळींनी तो साधारण २३ वाचनांत, म्हणजे एका सेकंदाच्या आत येतो. ‘सेट डीकॅश लाइन-साइझ २५६’ केले तर सहा-सात वाचने पुरतात आणि वेळ पाव सेकंदाच्या आसपास उतरतो. ओळीचा आकार दोनाच्या घातात असावा लागतो, एवढीच अट. दुरून काम करणाऱ्याने ही एक ओळ आपल्या सुरुवातीच्या फाइलमध्ये अवश्य लिहावी. ‘इन्फो डीकॅश’ ही आज्ञा कोणत्या ओळी भरल्या आहेत आणि त्या किती वेळा कामी आल्या हे दाखवते, त्यामुळे फरक पडला की नाही याचा पुरावा हाताशी राहतो.

फक्त स्टॅक आणि कोड एवढेच का साठवायचे, सगळी मेमरी का नाही, या प्रश्नाचे उत्तर एम्बेडेड क्षेत्रातल्याला सांगावे लागत नाही. पेरिफेरलची, म्हणजे प्रोसेसरला जोडलेल्या घटकांची, रजिस्टरे मेमरीच्या पत्त्यांवरच बसलेली असतात, ती क्षणोक्षणी बदलतात, आणि त्यांची शिळी प्रत दाखवणारा डीबगर असून नसून सारखाच. स्टॅक मात्र थांबलेल्या थ्रेडचा, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका स्वतंत्र धावेचा, खासगी असतो, तो दुसरे कोणी सहसा बदलत नाही, या गृहीतकावर जीडीबी त्याला साठवण्याजोगा मानतो. ‘सहसा’ या शब्दाने मला एकदा चांगलेच फसवले. एका बोर्डावर येणारा डेटा डीएमएद्वारे, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट एका लोकल बफरमध्ये उतरत होता. मी प्रोसेसर थांबवला, बफर छापला, काही क्षणांनी पुन्हा छापला, आकडे तेच. डीएमए बंद पडला आहे असा निष्कर्ष काढून मी अर्धी दुपार त्याच्या घड्याळाच्या जोडण्या तपासण्यात घालवली. खरे म्हणजे प्रोसेसर थांबला तरी डीएमए चालूच होता आणि मेमरी बदलत होती. मला दिसत होती ती स्टॅकच्या कॅशमधली पहिल्या वाचनाची प्रत. ‘सेट स्टॅक-कॅश ऑफ’ करताच आकडे हलू लागले. मूळ बग अर्थात माझाच होता, कारण फंक्शनमधून परतल्यावरही डीएमए त्याच्या लोकल बफरमध्ये लिहीत राहिला होता आणि पुढच्या फंक्शनच्या फ्रेमवर डेटा ओतत होता. जीडीबीचे गृहीतक मोडणारा प्रोग्रॅम मीच लिहिला होता. तरीही माझी तक्रार आहे की छापलेले मूल्य कॅशमधून आले की बोर्डावरून, याची पुसटशीही खूण पडद्यावर नसते.

काही थ्रेड थांबलेले आणि काही चालू अशा नॉन-स्टॉप पद्धतीत हे गृहीतक आणखी पातळ होते, आणि तिथे जीडीबीने मधला मार्ग काढला आहे. प्रत्येक आज्ञेच्या सुरुवातीला मेमरीची कॅश रिकामी केली जाते आणि त्या आज्ञेच्या पोटात मात्र ती वापरली जाते. एकच बॅकट्रेस वेगाने व्हावा, पण दोन आज्ञांमध्ये शिळेपण साचू नये, असा तो हिशेब आहे आणि मला तो पटतो. माझ्या डीएमएच्या प्रसंगी मी नेहमीच्या, सर्व काही थांबवण्याच्या पद्धतीत होतो, म्हणून ही कृपा मला लाभली नाही.

माझा खरा आक्षेप आहे तो थ्रेडांबाबत. जीडीबीच्या फ्रेमची साखळी एका वेळी एकाच थ्रेडची असते. ‘थ्रेड ३७’ म्हटले की आधीच्या थ्रेडची साखळी धुतली जाते. कोअर फाइलमध्ये तर हे अधिकच खटकते. तिथला प्रोग्रॅम मेलेला आहे, त्याचा एकही बाइट आपोआप बदलणार नाही, आणि तरीही ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ने शेकडो थ्रेडांच्या उतरंडी एकदा बांधून झाल्यावर त्यातल्या एका थ्रेडकडे परत गेलो, तर त्याची साखळी पुन्हा पहिल्यापासून बांधली जाते. ड्वार्फच्या नोंदी फाइलपुरत्या वाचून ठेवलेल्या असतात, त्यामुळे सगळेच काम नव्याने होत नाही; पण प्रत्येक फ्रेमसाठी त्या नोंदींमधल्या सूचना पुन्हा चालवून नियम काढावे लागतात. वर ज्या शिस्तीची मी स्तुती केली, तिचेच हे दुसरे टोक आहे. ‘काही बदलले असेल तर सगळे विसरा’ हे योग्य आहे. पण थ्रेडची निवड बदलल्याने प्रोग्रॅममध्ये काहीच बदलत नाही.

या बाबतीत एलएलडीबीची मांडणी मला सरस वाटते. ॲपलने २०१० साली खुला केलेला हा डीबगर प्रत्येक थ्रेडसाठी फ्रेमची स्वतंत्र यादी ठेवतो, त्यामुळे थ्रेडांमध्ये ये-जा केल्याने काही गमावले जात नाही. शिवाय तो मागच्या थांब्याची यादीही जवळ ठेवतो, आणि नव्या यादीतल्या फ्रेमची ओळख जुनीशी जुळली तर तेच फ्रेमचे ऑब्जेक्ट पुढे वापरतो. मागच्या पावलापासून कोणत्या व्हेरिएबलचे मूल्य बदलले हे दाखवायला त्याची मदत होते. फंक्शनचा स्टॅक कसा उलगडायचा याची योजना तो ओळीओळींच्या तक्त्याच्या रूपात मॉड्यूलला जोडून ठेवतो, आणि ‘इमेज शो-अनवाइंड’ या आज्ञेने ती योजना आपल्याला वाचताही येते. जे फाइलवर अवलंबून आहे ते टिकवायचे आणि जे चालू प्रोग्रॅमच्या स्थितीवर अवलंबून आहे ते टाकायचे, ही सीमारेषा त्याने जीडीबीपेक्षा अधिक काटेकोर आखली आहे. बोर्डांसाठी मात्र मी अजून जीडीबीच उघडतो. कॉर्टेक्स-एमवर इंटरप्ट, म्हणजे हातातले काम थांबवायला लावणारा इशारा, आला की प्रोसेसर स्वतःच आठ रजिस्टरे स्टॅकवर ठेवतो आणि लिंक रजिस्टरमध्ये परतीच्या पत्त्याऐवजी एक विशेष आकडा भरतो. तो आकडा ओळखून इंटरप्टच्या पलीकडची फ्रेम बरोबर दाखवण्याचे काम जीडीबी माझ्या अनुभवात इमानाने करतो.

पायथनमधून जीडीबी चालवणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथल्या फ्रेमच्या ऑब्जेक्टमध्ये खरी फ्रेम नसून तिची ओळख असते, म्हणून ते थांब्यांच्या पलीकडेही जवळ बाळगता येते. फक्त वापरण्याआधी ‘इज-व्हॅलिड’ विचारावे. फ्रेमची कॅश मुद्दाम टाकण्याचे एक फंक्शनही दिलेले आहे, पण साध्या स्क्रिप्टांनी ते वापरू नये, निव्वळ पूर्णतेसाठी ते नोंदवले आहे, असे त्याच्या माहितीपुस्तिकेतच म्हटले आहे. आज्ञांच्या पातळीवर तेच काम ‘मेंट फ्लश रजिस्टर-कॅश’ करते. दूरच्या बोर्डावर जीडीबीच्या नकळत काही बदलले असेल तेव्हा मला तिचा उपयोग झाला आहे. तिचे नाव रजिस्टरांचे असले तरी फ्रेमही तिच्याबरोबर जातात.

फ्रेमच्या कॅशची आकडेवारी दाखवणारी, ‘इन्फो डीकॅश’च्या तोडीची आज्ञा मात्र नाही. किती फ्रेम बांधलेल्या आहेत, शेवटची धुलाई कशामुळे झाली, हे पाहायचे तर ‘सेट डीबग फ्रेम ऑन’ करून नोंदींचा लोंढा झेलावा लागतो. तो जीडीबी लिहिणाऱ्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. एवढी विचारपूर्वक केलेली व्यवस्था इतकी अदृश्य असावी हे मला खटकते, कारण तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमज या अदृश्यतेतूनच जन्मतात.

जीडीबी फुकट आणि मुक्त आहे, तेव्हा किमतीविषयी लिहिण्यासारखे काही नाही. थ्रेडांच्या अडचणीवर मी सध्या एक गावठी उपाय करतो. कोअर फाइल उघडली की सर्व थ्रेडांचा बॅकट्रेस एकदाच काढून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लॉग करतो आणि पुढे तीच फाइल शेजारच्या खिडकीत ठेवून वाचतो. चालू प्रोग्रॅमसाठीही मी हेच करू लागलो आहे. प्रोग्रॅम पुढे सोडण्याआधी ती फाइल पुसण्याची सवय मात्र मला अजून लागलेली नाही, आणि पाऊल पुढे गेल्यावर मागच्याच थांब्याचा स्टॅक वाचत बसण्याची चूक माझ्या हातून आतापर्यंत दोनदा झाली आहे.